पंचाहत्तरच्या आत

१८ जून, बुधवार

डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. सुबोध आत आहे, अजून तीन तास तरी. शाळेतली जुनी टाचणवही पर्समध्ये होती, तिची मागची पानं कोरी आहेत.

आज किडनीच्या डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. "रक्तगट जुळतोय. तुम्हाला साखर नाही, बीपी नाही. पण वजन सत्त्याऐंशी. एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही, उद्या तुम्हालाच धोका. पंचाहत्तरच्या आत या, मग बाकीच्या तपासण्या लावू."

मी विचारलं, "किती दिवसांत?"

"घाई करू नका," असं म्हणाले खरं, पण पुढ्यातली सुबोधची फाईल मिटत म्हणाले, "दिवाळीच्या आसपास झालं तर बरं. डायलिसिससाठी जोडलेली त्यांच्या हाताची शीर दुसऱ्यांदा बंद पडलीय."

बारा किलो! सईच्या जन्मापासून अठरा वर्षांत माझं एक किलोसुद्धा कमी झालेलं नाही.

नवऱ्याला किडनी देण्यासारखं घरात दुसरं कुणी नाही. आईंना, म्हणजे सासूबाईंना, पंधरा वर्षांची साखर. सई बारावीत, तिचा विचारही करायचा नाही. आशिषभावजींचं नाव निघालं होतं, तर आई म्हणाल्या, "त्याचं बार्शीचं स्थळ ठरत आलंय. मुलीकडच्यांना कळलं तर मोडेल की." खरंच आहे. चौतिसाव्या वर्षी कसंबसं जुळतंय.

म्हणजे मीच. एका अर्थी बरं वाटलं. फेब्रुवारीपासून नुसतं बाकावर बसून राहायचं, डबा द्यायचा, डबा न्यायचा. आता करण्यासारखं काहीतरी हातात आलं.

२१ जून, शनिवार

शाळेतल्या एका बाईंच्या नणंदेचं वजन इंजेक्शनाने उतरलं. आठवड्यातून एकदा, पोटावर, आपलं आपण घ्यायचं. होटगी रोडच्या त्या क्लिनिकमध्ये आज शाळा सुटल्यावर गेले.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या. घाईत नव्हत्या, एकेक विचारत होत्या. थायरॉईड? घरात कुणाला कॅन्सर? मग विचारलं, "पित्ताशयात खडे, स्वादुपिंडाला सूज, असं कधी काही?"

मी म्हणाले, "नाही."

तोंडातून निघून गेलं, असं लिहायला घेतलं होतं. पण इथे तरी खरं लिहावं. मला आठवत होतं. २०२१ च्या पावसाळ्यात पोटात दुखून मी गुरासारखी ओरडले होते. सोनोग्राफीत बारीक बारीक खडे निघाले. स्वादुपिंडालाही सूज होती, चार दिवस सलाईनवर होते. पित्ताची पिशवी काढून टाका, असं सांगितलं होतं. त्यात करोना चालू होता, मग सईची दहावी, मग सुबोधचं सुरू झालं. राहून गेलं.

डॉक्टरबाईंनी परत विचारलं, "नक्की ना? या औषधात तेवढं बघावंच लागतं."

"नक्की," मी म्हणाले.

हो म्हटलं असतं तर त्यांनी दिलं नसतं. माझ्याकडे दिवाळीपर्यंतच वेळ आहे.

२९ जून, रविवार

दोन इंजेक्शनं झाली. भूक म्हणजे काय ते विसरायला झालंय. भाकरी समोर आली की पोट भरल्यासारखं वाटतं. शेंगाच्या चटणीच्या वासाने मळमळलं, आणि ती मी जन्मभर खात आले.

८५.१. स्वतःशीच हसले.

१२ जुलै, शनिवार

आईंना फ्रीजमध्ये इंजेक्शनांचं खोकं सापडलं. मी भाजीच्या कप्प्यात मेथीखाली ठेवलं होतं. खोकं हातात घेऊन उभ्या होत्या. "हे काय गं?"

सगळं सांगितलं. त्यांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुला मागं तो पोटाचा त्रास झाला होता ना? मीच होते की दवाखान्यात तुझ्याजवळ."

"चार वर्षं झाली, आई. आता काही नाही."

त्यांनी खोकं स्वतःच परत आत ठेवलं, दह्याच्या भांड्यामागे. म्हणाल्या, "सुबोधला बोलू नकोस. उगाच नको म्हणत बसेल."

आईंनी किती समजून घेतलं! दुसरी कुणी असती तर शंभर प्रश्न विचारले असते.

८३.२

२० जुलै, रविवार

या आठवड्यात फक्त चारशे ग्रॅम. सुबोधला काल डायलिसिस चालू असतानाच थंडी वाजून ताप भरला. खोलीतून बाहेर आणला तेव्हा त्याचे ओठ राखेसारखे होते. माझा हात धरून म्हणाला, "देवयानी, मी कंटाळलो गं." त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. फेब्रुवारीत डायलिसिसची नळी टाकताना गळ्याला भोक पाडलं तेव्हाही नाही.

आज सकाळी मी इंजेक्शनाच्या पेनवरचा डोसचा आकडा पुढे फिरवला. पुढच्या महिन्यातला डोस आजच घेतला. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की मनाने वाढवायचा नाही. पण त्यांनी सुबोधचे ओठ पाहिले नाहीत.

आशिषभावजी अकलूजहून आले होते. कारखान्याच्या ऑफिसातून शनिवारी निघतात, रविवारी परत. माझ्यासाठी प्रोटीनची पावडर आणली आणि खाण्याचा तक्ता छापून आणला. ते रोज पाच किलोमीटर पळतात, त्यांना यातलं कळतं. जाताना चपला घालत घुटमळले. म्हणाले, "वहिनी, फार ताण घेऊ नका. मी…" तेवढ्यात आईंनी आतून हाक मारली, एसटी चुकेल म्हणून. गेले.

३ ऑगस्ट, रविवार

७९.९! सत्तरीत आले!

आई रोज सकाळी चहाआधी विचारतात, "आज किती?" आकडा सांगितला की देवापुढे जाऊन हात जोडतात. घरात कुणी माझ्या एखाद्या गोष्टीची अशी वाट पाहतंय, हे मला नवीनच आहे.

उलट्या होतात. शाळेत मधल्या सुट्टीत वर्गात बसून राहते. केस फार गळताहेत. शुक्रवारी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, पाठीत खांद्यापर्यंत गेलं. तासाभराने थांबलं. आई म्हणाल्या, "उपाशीपोटी पित्त होतं गं." पित्ताची गोळी घेतली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला उभी असताना पुन्हा दुखलं. या वेळी जास्त. मुलं राष्ट्रगीत म्हणत होती आणि मी साडीचा पदर मुठीत धरून उभी होते. घाम फुटला. कुणाला कळलं नाही, बहुतेक.

घरी आल्यावर सईने पर्समधून पित्ताच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली. सात होती. "आई, हे काय?"

"डोकं चढतं उन्हाने."

"तू जेवतेस का? खरं सांग. काल रात्री तू ताटातली भाकरी टिश्यूत गुंडाळलीस, मी पाहिलं."

मी तिच्यावर ओरडले. अभ्यास कर म्हणाले. ती रडली नाही. नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "बाबांना बरं करायला तू आजारी पडणार आहेस का?"

अठरा वर्षांच्या मुलीला काय कळतं! दोन किलो आणि आठशे ग्रॅम राहिलेत फक्त. क्लिनिकमध्ये या महिन्यात गेलेच नाही, फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि पुढचं पेन मेडिकलमधून आणलं. पुढ्यात जाऊन बसले असते तर त्यांनी पोट दाबून पाहिलं असतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. उकडीच्या मोदकाचा अर्धा तुकडा खाल्ला, तोही राहिला नाही.

आज शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बजाबाईने मला दारातच अडवलं. ती वळसंगहून रोज येते, बोलायला सरळ. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाई, तुमचं डोळं पिवळं दिसत्यात की."

"जागरण झालंय गणपतीचं."

"जागरनानं लाल व्हत्यात, पिवळं न्हाय. कावीळ हाय ही. आज दवाखान्यात जावा."

हसून टाळलं. नंतर शाळेच्या बाथरूममधल्या आरशात पापणी खाली ओढून पाहिलं. तिथला बल्बच पिवळा आहे, काही कळेना. लघवी चहासारखी होतेय चार दिवस, पण पाणीच पोटात ठरत नाही, त्यामुळे असेल.

सोमवारी गौरीजेवण. मंगळवारी किडनीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, वजन दाखवायला. आज ७५.६. मंगळवारपर्यंत होईल. व्हायलाच हवं. त्यानंतर कुठल्याही डॉक्टरकडे जाईन, काय म्हणतील ते करीन. फक्त मंगळवार.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी ७४.९.

दोनदा वजनकाट्यावरून उतरून परत चढले. ७४.९. आईंना सांगितलं तर त्यांनी मला जवळ घेतलं. लग्नाला वीस वर्षं झाली, पहिल्यांदा.

पुरणाचा वास घरभर आहे. आई म्हणतात, आज सवाष्णीने उपाशी राहायचं नाही, एक पोळी तरी तुपाशी खा, आता वजनाचं काम झालं. खाईन. गौरी उभ्या आहेत, सुबोधही आज बरा आहे, दारात बसून सईला चिडवतोय. उद्या

१३ सप्टेंबर, शनिवार

वरचं वाक्य पुरं करायचं होतं, पण काय लिहिणार होते ते आठवत नाही.

पोळी खाल्ल्यावर अर्ध्या तासात सुरू झालं. हे २०२१ सारखं नव्हतं. पोटातून पाठीत कुणी सळई घातल्यासारखं. मी गौरीपुढेच पडले. एवढंच आठवतं की सुबोध, ज्याला जिना चढताना धाप लागते, तो मला उचलायला बघत होता आणि सई त्याला ढकलून देत रिक्षावाल्याला ओरडत होती.

बाकीचं मला सांगितलेलं लिहिते. खडा सरकून पित्ताच्या नळीत अडकला. त्यामुळे कावीळ आणि स्वादुपिंडाला मोठी सूज. पाच दिवस अतिदक्षता विभागात होते. तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. दुसऱ्या दिवशी माझीच लघवी बंद झाली होती. माझी किडनी! दोन दिवस ती चालू होईल की नाही तेही कुणी सांगत नव्हतं. मग झाली चालू.

सईने त्याच संध्याकाळी फ्रीजमधून पेन आणून डॉक्टरांपुढे ठेवलं होतं. तिला कुठून कळलं विचारलं तर म्हणाली, "आजीने सांगितलं. तू बेशुद्ध झाल्यावर."

१५ सप्टेंबर, सोमवार

सर्जन आज खुर्ची ओढून बसले. बसवराज त्यांचं नाव. रागावतील असं वाटलं होतं.

"औषध वाईट नाही, बाई. माझ्या बहिणीलाच चालू आहे. पण तुमच्या पिशवीत आधीपासून खडे, एकदा सूज येऊन गेलेली. या औषधाने पित्ताशयाचं काम मंदावतं. त्यात तुम्ही जेवण सोडलं, डोस मनाने वाढवला, अडीच महिन्यांत बारा किलो उतरवलेत. खडे वाढणार आणि सरकणारच. औषध देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी का नाही सांगितलंत?"

"औषध दिलं नसतं."

"लगेच दिलं नसतं. आधी पिशवी काढली असती, दुर्बिणीने, दोन दिवसांत घरी. मग सावकाश वजन उतरवलं असतं, लक्ष ठेवून. तुमचे खडे किडनी द्यायच्या आड येत नव्हते."

मी विचारलं, "आणि आता?"

त्यांनी माझी फाईल मिटली. म्हणाले, "स्वादुपिंडाला एवढं झाल्यावर, किडनीही दोन दिवस बसल्यावर, तुमचं नाव दात्यांत कुणी धरणार नाही. निदान एवढ्यात तरी नाही. आधी तुम्ही स्वतः नीट व्हा."

ते गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एका "नाही" या शब्दाने मी सुबोधची किडनी घालवली. कुणी माझा हात धरून बोलायला लावलं नव्हतं. मीच बोलले, दोनदा.

संध्याकाळी सुबोध आला, डायलिसिसहून सरळ. मानेला पट्टी तशीच. त्याला कळलेलं होतं. म्हटलं, मला शिव्या दे. तो म्हणाला, "तू गेली असतीस तर मी काय केलं असतं त्या किडनीचं?" आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलेलं नाही. त्याच्या टाळूवर केस इतके विरळ झालेत, तेही आजच दिसलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

पिशवी काढून दहा दिवस झाले. घरीच आहे. मऊ भात, मुगाचं वरण. दिवाळीचं काही केलेलं नाही. सुबोधची मानेतली नळी परत बदलली. मृत व्यक्तीच्या अवयवासाठी त्याचं नाव यादीत घातलंय. यादी किती लांब आहे ते मी विचारलं नाही.

भावजी आले आहेत. सकाळी मी गच्चीवर उन्हात बसले होते, तर ते आकाशकंदिलाची वायर घेऊन वर आले. वायर सोडवत बसले. ती गुंतलेली नव्हतीच.

"वहिनी, मी जूनमध्येच तपासून घेतलं होतं."

मला समजलं नाही. "काय?"

"रक्त. सगळं. पुण्याला जाऊन. माझं जुळतंय. तुमच्यापेक्षा जास्त जुळतंय असं म्हणाले."

वर पतंग उडत होते. एकाचा दोरा शेजारच्या टाकीला अडकला होता आणि तो फडफडत होता. मी तिकडेच बघत राहिले.

"आईला सांगितलं, तर तिने शपथ घातली. महिनाभर थांब, म्हणाली. मग तुमचं वजन उतरायला लागलं. दर फोनला सांगायची, वहिनीचं आणखी एक किलो गेलं, तू गप्प राहा."

"आणि तुम्ही राहिलात."

"राहिलो," ते म्हणाले. "मला भीती वाटत होती, वहिनी. आई थांब म्हणाली, ते मला बरं वाटलं."

एवढा खरा माणूस मी या घरात पहिल्यांदा पाहिला. तरी त्या क्षणी त्यांना गच्चीवरून ढकलून द्यावंसं वाटलं.

खाली आले. आई वाती वळत होत्या. मी समोर बसले. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं.

"दोन लेकरं आहेत मला," त्या कापसाकडे बघत म्हणाल्या. "दोघांना एकाच दिवशी सुरीखाली झोपवायचं? कुठल्या आईला जमेल ते? आणि तू…"

थांबल्या.

"मी काय, आई?"

त्यांनी वात वळली. मग दुसरी वळली. बारा वाती झाल्या, पण ते वाक्य काही पुरं झालं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. सुबोधला ओवाळलं. भावजींनी काल त्याला स्वतः सांगितलं. दोघे आतल्या खोलीत दार लावून होते. सुबोध आधी नको म्हणाला, मोठ्याने. मग भावजींचाच आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा दोघांचे डोळे सुजलेले. बार्शीच्या मुलीला भावजींनी फोन करून सांगितलं आहे. तिने विचार करायला वेळ मागितला.

सई आजीशी बोलत नाही. मी सांगून पाहिलं. "तू बोल ना मग," म्हणाली. मी बोलते. मीठ द्या, औषध घेतलं का, दार लावा. तेवढंच बोलते.

मी होटगी रोडला जाऊन आले. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, कारण त्यांची चूक नव्हती आणि त्यांना ते कळायला हवं होतं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "यापुढे मी फक्त विचारणार नाही. आधी सोनोग्राफी करून घेईन."

२० जानेवारी, मंगळवार. पुणे

सकाळी साडेसातला भावजींना आत नेलं, तासाभराने सुबोधला. जाताना सुबोधने माझ्याकडे बघून हात हलवला, ऑफिसला निघाल्यासारखा.

सई आजीसाठी चहा आणायला गेली. स्वतःहून. मी आणि आई दोघीच बाकावर. त्यांचे ओठ हलत होते, नामस्मरण चालू असेल. मधेच थांबून म्हणाल्या, "देवयानी, तुला काही झालं असतं तर मी सईला काय तोंड दाखवलं असतं?"

तीन महिने मी या प्रश्नाची वाट पाहत होते. इतक्यांदा मनात उत्तरं रचली होती. आता त्यांतलं एकही उत्तर द्यावंसं वाटलं नाही. सकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं, साखर उतरली असणार. पर्समधून लिमलेटची गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

दीड वाजता दार उघडलं. डॉक्टर मास्क खाली करत म्हणाले, "दोघेही ठीक आहेत. किडनी टेबलावरच चालू झाली."

आई उठल्या, धडपडत, दाराकडे गेल्या. सई धावत गेली. वळून म्हणाली, "आई, चल ना!"

"हो, येते," म्हणाले.

पण लगेच उठले नाही. पाय लांब केले, डोकं मागे भिंतीला टेकलं. वर्षभरात पहिल्यांदाच कुणाला माझ्याकडून काही नको होतं. डोळे मिटून मी तशीच बसून राहिले.